हिरवी पाजणारा नाथाजी

नाथाजी ग्लासात पाणी ओतायचा तेव्हा आवाज व्हायचा नाही. माझं त्याच्याकडं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यामुळंच. मी साखर कारखान्यात मिलवर फिटर होतो, आता निवृत्त आहे. माणसाचे हात मी आधी बघतो, तोंड नंतर. हातसुद्धा खोटं बोलतात, पण फार वेळ त्यांना ते जमत नाही.

रहिमतपूरच्या बाहेर साताऱ्याच्या रस्त्याला 'शिवार' नावाची परमिट रूम आहे. नाथाजी तिथला पहिल्या दिवसापासूनचा वेटर. जुन्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी त्याला खिडकीकडची चार टेबलं दिली होती. त्या टेबलांवर कधी भांडण झालं नाही. कोण किती पितो आणि कुठं थांबायला हवं हे नाथाजीला कळायचं. तो जवळ येऊन हळूच म्हणायचा, "आता जेवायचं बघा." लोक ऐकायचे. पैलवान ऐकायचे, फौजी ऐकायचे, मीही ऐकायचो.

अण्णा गेले आणि त्यांचा मुलगा वीरधवल गल्ल्यावर बसला. पोरगा वाईट नाही. कष्ट करतो, पण घाईनं करतो. त्यानं हॉल वाढवला, रंगीत दिवे लावले, तरुण वेटर आणले. नाथाजीचा गुडघा दुखायला लागला होता, चाल मंदावली होती. एक दिवस वीरधवल त्याला म्हणाला, "काका, लोकं ताटकळत्यात. तुमी आता गेटवर बसा. गाड्या लावायचं बघा. पगार तोच."

पगार तोच राहिला, टेबलं गेली. नाथाजी गेटवर खुर्ची टाकून बसू लागला. आत जाताना मी थांबून बोलायचो. तो एवढंच म्हणायचा, "मिस्त्री, गाडीला काय पाजायचं असतं?"

दर पगाराला तो वीरधवलकडं टेबलं मागायचा. दर पगाराला वीरधवल म्हणायचा, "बघू."

हिरवीचं प्रकरण झालं ते त्याच उन्हाळ्यात.

वीरधवलनं गोव्याला एका हॉटेलात ॲबसिंथ नावाची हिरवी दारू बघितली होती. तिथं वेटर साखरेला आग लावून ती पाजत होता आणि लोक मोबाईल काढून उभे होते. त्यानं परत येऊन एका विक्रेत्याकडून तशी बाटली मागवली. बाटलीतला रंग पोपटाच्या पाठीसारखा. पप्पू नावाच्या वेटरला आग लावायला शिकवलं. पप्पू टेबलावर जाऊन सांगायचा, "साहेब, ही पिल्यावर माणूस येडा होतो. बाहेरच्या देशात बंदी हुती हिच्यावर." आमच्या भागात असं सांगितल्यावर कोण मागं हटणार?

यशराज हटला नाही. शेजारच्या गावातला तिशीतला ऊस बागायतदार, अंगानं भक्कम. मित्रांबरोबर दुपारपासून बिअर पीत बसला होता. कुणीतरी टोचलं, त्यानं हिरवीचे दोन पेग कोरेच, एकामागोमाग घशात ओतले. वर तांबडा रस्सा हाणला. पंधरा मिनिटांत उठून बाहेर आला आणि गेटपाशी कोसळला. नाथाजी गेटवर होता म्हणून बरं. त्यानं यशराजला कुशीवर वळवलं, मान धरली, ओकारी श्वासात जाऊ दिली नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो तसाच मातीत बसून होता. दुखऱ्या गुडघ्यावर.

यशराज दुसऱ्या दिवशी घरी आला. पण नाव गेलं ते गेलं. पोरं त्याला 'हिरवा' म्हणू लागली. 'शिवार'चंही नाव गेलं. तिथं इख पाजतात असं बायका बोलू लागल्या. वीरधवलनं बाटली कपाटात कोंडली.

पुढच्या पगाराला नाथाजीनं परत टेबलं मागितली. मी गल्ल्याजवळच उभा होतो. वीरधवल वैतागलेला होता. तो हसून म्हणाला, "काका, असं करा. ती हिरवी यशराजलाच पाजा. त्यानं चांगली हाय म्हनलं पायजे आन आपल्या पायानं भाईर गेला पायजे. मग चारी टेबलं तुमची."

वेटर हसले. नाथाजी हसला नाही.

"मालक, शब्द हाय का चेष्टा?"

वीरधवल जरा गडबडला. चारचौघात विचारलेलं. म्हणाला, "शब्द."

"मिस्त्री ऐकत्यात," नाथाजी म्हणाला आणि गेटवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. मी म्हणालो, "नाथाजी, त्या पोराला परत काय झालं तर टेबलं राहू द्या, तुमाला गाव सोडावं लागंल."

तो म्हणाला, "म्हनून तर आदी शिकायचं. आजपातूर मी न वळखता कुनाच्या म्होरं ग्लास ठेवला न्हाई."

त्याची सून रेश्मा बारावी शिकलेली. ती रोज स्वयंपाक उरकून मोबाईलवर शोधायची आणि वाचून दाखवायची. मीही जाऊन बसायचो. तिनं सांगितलं ते असं. ही दारू काढताना तीन गोष्टी मुख्य असतात. बडीशेप, तिच्याच चवीची एक विलायती बडीशेप, आणि दवण्याच्या कुळातली एक कडू वनस्पती. दवणा म्हटल्यावर नाथाजीनं मान वर केली. दवणा आमच्याकडं देवाला वाहतात, त्याचा वास इथल्या माणसाला सांगावा लागत नाही.

"आबा, हितं लिवलंय, शंभर वर्सांपूर्वी युरोपात एका मजुरानं ही पिऊन बायकापोरांना मारलं," रेश्मा म्हणाली. "त्यावरनं बोंब झाली. मग देशोदेशी बंदी आली."

"किती पिली हुती त्यानं?"

तिनं खाली वाचलं. "हिचे दोन ग्लास. पर त्याच्या आदी आन नंतर दिवसभर वाईन आन ब्रँडी ढोसली हुती."

नाथाजीनं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "म्हंजी ढोसलं दुसरंच, आन नाव हिचं. यशराजनं बी दुपारपासनं बिअर लावली हुती."

पुढं तिनं वाचलं की त्या कडू पाल्यामुळं माणूस वेडा होतो, त्याला भास होतात, ही समजूत चुकीची निघाली. बाटलीत त्याचा अंश फारच थोडा असतो. खरी गोष्ट एवढीच की ही दारू फार कडक असते. व्हिस्कीच्या दीडपट धरा. कोरी प्यायला ती केलेलीच नाही. एक भाग दारूला तीन ते पाच भाग गार पाणी लागतं, तेही थेंबथेंब, साखरेवरून. आग लावणं हे अलीकडचं खूळ आहे. आगीनं साखर जळते आणि चव मरते.

"पाणी घातल्यावर ती दुधाळ होती," रेश्मा म्हणाली. "न्हाई झाली तर समजायचं, माल खोटा."

आम्ही त्याच दुपारी 'शिवार'ला गेलो. वीरधवलनं कपाट उघडून दिलं. नाथाजीनं पोपटी दारू थोडी घेतली आणि त्यात पाणी सोडलं. ती फिकट पोपटी झाली. अजून पाणी सोडलं. अजून फिकट. दुधाळ काही झाली नाही. वास औषधाच्या दुकानासारखा.

"मालक, ही ती न्हाईच," नाथाजी म्हणाला. "रंग घातलेलं स्पिरिट हाय."

वीरधवलनं बाटली उचलून लेबल वाचलं, मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि विक्रेत्याला मनापासून दोन शिव्या हासडल्या. मग म्हणाला, "सांगलीचे आपले ठोकवाले हायत. बारच्या परवान्यावर ते मागवून देतील. पर काका, निवडायची तुमी."

बारला अशी परवान्यावर मिळते. घरी न्यायची तर मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात विचारावी लागते, आणि पिण्याचा परवाना लागतो. तो दुकानात एक दिवसाचाही करून देतात. आपल्याकडं निम्म्या पिणाऱ्यांना हे ठाऊक नसतं आणि निम्म्यांना ठाऊक असूनही ते काढत नाहीत. मी काढलेला आहे.

सांगलीहून निरोप आला तसे आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं निघालो. नाथाजीनं धुवट पांढरा शर्ट घातला होता. जन्मभर दुसऱ्यांना बाटल्या उघडून दिल्या, पण बाटली निवडायला तो पहिल्यांदाच निघाला होता.

ठोकवाल्यानं दोन बाटल्या काढून ठेवल्या. एक पांढऱ्या काचेची, आत हिरवागार रंग. दुसरी गडद काचेची. त्यानं पहिली पुढं सरकवली. "ही जाते लय. कलर बघा."

नाथाजीनं खिशातून रेश्मानं लिहून दिलेला कागद काढला आणि लेबल माझ्याकडं वळवलं. मी इंग्रजी अक्षरं लावून वाचली. घटकांत रंगाचं नाव होतं, साखरही होती.

"न्हाई," नाथाजी म्हणाला. "हिला पाल्याचा रंग पायजे, डब्यातला नको. आन साखर आपुन घालायची असती."

दुसऱ्या बाटलीवर बडीशेप होती, कडू पाला होता, रंगाचं नाव नव्हतं. कडकपणा साठ टक्क्यांच्या पुढं. त्यानं ती उजेडात तिरकी धरली. आत वाळत आलेल्या पाल्यासारखा पिवळट हिरवा रंग होता.

"गडद काच का वापरत्यात?" मी विचारलं.

"पाल्याचा रंग उन्हानं उडतो. मेथी वाळत घालत न्हाई का आपुन."

ठोकवाला म्हणाला, "काका, तुमी जुने पिणारे दिसताय."

"मी? शिमग्याला एक. तेबी पावना आला तर."

किंमत मी लिहीत नाही. ती ऐकून नाथाजी तिथल्या पोत्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "म्हंजी सांडायची सोयच न्हाई." बिल 'शिवार'च्या नावावर झालं.

परतीच्या गाडीत त्यानं बाटली टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरली होती. शेजारच्या माणसानं विचारलं, "तेल हाय का?" नाथाजी म्हणाला, "न्हाई, दारू हाय." तो माणूस बायकोला घेऊन पलीकडच्या बाकावर गेला. आम्ही पाय पसरून आलो.

मग कामाला सुरुवात झाली.

या दारूसाठी भोकं असलेला चपटा चमचा लागतो. तो ग्लासवर आडवा ठेवायचा, त्यावर साखर, साखरेवर पाणी. आमच्याकडं असा चमचा कुठं मिळणार? मी स्टीलचे चमचे घेतले, त्यांचं खोलगट पाळं ठोकून सपाट केलं आणि बारीक ड्रिलनं भोकं पाडली. भोक पाडणं सोपं असतं. पण भोकाच्या मागच्या कडेला धार राहते, तिथं थेंब अडकतो आणि मग एकदम चार थेंब पडतात. नाथाजीनं पहिला चमचा परत केला. दुसराही केला. मला राग आला नाही. मिलवर मी शिकाऊ पोरांची कामं अशीच परत करायचो. तिसऱ्या वेळी मी प्रत्येक भोकाची कड दोन्हीकडून घासली. मग थेंब एकामागोमाग एक पडू लागले. तसे सहा चमचे केले. पाण्याचे सहा लहान जगही आणले आणि त्यांच्या चोची चिमट्यानं आवळून बारीक केल्या.

साखरेचा प्रश्न होता. चौकोनी साखर गावात मिळेना. खडीसाखर विरघळेना. गुळानं रंग गढूळ झाला. शेवटी नाथाजीनं बत्तासा लावून बघितला. बत्तासा म्हणजे नुसती फुगलेली साखर. पाणी जोरात पडलं की तो कोसळतो आणि ढेकूळ होऊन चमच्याला चिकटतो. थेंबानं भिजवला तर हळूहळू बसत जातो आणि सगळा खाली उतरतो. म्हणजे बत्तासा स्वतःच सांगतो, घाई झाली का नाही.

नाथाजी घराच्या ओट्यावर बसून नुसत्या पाण्यावर सराव करायचा. रोज. रेश्मानं एकदा डबा बघितला आणि म्हणाली, "आबा, सत्यनारायणाचे बत्तासे संपले." दुसऱ्या दिवशी तिनंच मोठी पिशवी आणून ठेवली.

पहिला खरा ग्लास त्यानं मला करून दिला. 'शिवार'च्या हॉलमध्ये, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. तळाशी बोटभर हिरवी. वर चमचा, बत्तासा, बर्फाच्या पाण्याचा जग. पहिल्या थेंबांनी काही झालं नाही. मग हिरव्यात दुधाचा एक धागा उतरला. तो वळला, त्याला फाटे फुटले, आणि बघता बघता तळापासून ढग वर चढला. वर हिरवी रेघ राहिली, मग तीही गेली. बडीशेपेचं तेल कडक दारूत विरघळलेलं असतं, पाण्यानं ते सुटतं, म्हणून असं होतं. कारण माहीत असलं तरी बघायला बरं वाटतं.

मी घोट घेतला. आधी बडीशेप. मग गार, गोडसर. शेवटी जिभेच्या मागं कडू, आणि त्या कडूला दवण्याचा वास. जीभ थोडी बधिर झाली. भास काही झाले नाहीत, परी बिरी दिसली नाही. पंख्यावरची धूळ दिसली, ती आधीपासून होती.

"कशी हाय?" नाथाजीनं विचारलं.

"चांगली आहे. पण ही घाईच्या माणसाची नव्हे."

"मग यशराजची व्हायला पायजे. त्यो ठिबकवाला हाय."

त्याच्या मनात काय आहे हे मला यशराजच्या शेतावर गेल्यावर कळलं. यशराज ठिबकचा फिल्टर धूत होता. त्याचे चुलते तात्या, निवृत्त सुभेदार, बांधावर खुर्ची टाकून बसले होते. नाथाजीनं आडपडदा ठेवला नाही. हिरवीसाठी आलोय म्हणाला.

यशराज हातातला फिल्टर खाली ठेवून म्हणाला, "काका, त्या दिवशी तुमी मला धरलं, ते मी इसरनार न्हाई. पर तिचं नाव काढू नगा. परवा लग्नात पोरांनी नवरदेवाला सोडून माजा फोटो काढला. खाली लिवलं, 'हिरवा आला'."

"म्हनूनच आलोय. जितं नाव गेलं तितनंच परत आनायचं."

"आन परत पडलो तर?"

"तर माजी टेबलं बी गेली. तुज्यासंगट मी बी पडलो."

सुभेदार हसले. "नाथाजी, पोराला सलाईन लावून आनलाय मी. आता काय पाजतोस त्याला, थेंबथेंब म्हनं? ही दारू हाय का दवाखाना?"

नाथाजीनं सुभेदारांकडं बघितलं नाही. यशराजला म्हणाला, "उसाला पयलं ठिबक बसवलंस तवा ह्ये काय म्हनलं हुतं रं?"

यशराज ओठ दाबून हसला. "म्हनलं, थेंबानं ऊस पिकतोय व्हय? उसाला पाट लागतो."

"मग?"

"मग काय. गेल्या साली तात्यांनीबी बसवलं."

सुभेदार खुर्चीत सरळ झाले. "पाणी कमी हुतं म्हनून बसवलं."

"हिचं बी तसंच हाय," नाथाजी यशराजला म्हणाला. "तू त्या दिवशी पाट सोडलास. आता थेंबानं बघ. माज्या अटी तीन. बिअर आदी प्यायची न्हाई. जेवून यायचं. आन एकच ग्लास. चौथी मिस्त्रींची, गाडी आनायची न्हाई."

यशराजनं फिल्टर परत उचलला, झटकला, बसवला. मग म्हणाला, "रविवारी दुपारी येतो. सगळ्यांच्या देखत."

रविवारी हॉल भरलेला होता. बातमी फुटलीच होती. निम्मे लोक जेवायला आलेले नव्हतेच, यशराज पडतो का बघायला आले होते. बाहेर दोन-तीन पोरं मोबाईल तयार ठेवून मोटारसायकलवर बसलेली. वीरधवल गल्ल्यावर, पण नोटांकडं त्याचं लक्ष नव्हतं.

नाथाजीनं खिडकीकडचं पहिलं टेबल स्वतः पुसलं होतं. एका ग्लासाची तयारी होती. यशराज आला तो एकटा नाही. सुभेदार बरोबर, आणि सुभेदारांचे तीन जुने फौजी दोस्त. पाचही जण बसले. सुभेदार म्हणाले, "पोरगा एकटा पिनार न्हाई. आमालाबी लाव."

एका ग्लासाला थेंब सोडायला निवांत वेळ लागतो. पाच ग्लास एका हातानं करायचे तर शेवटच्याला संध्याकाळ होणार, आणि लोक म्हणणार, म्हातारा हळू आहे. तेच कारण होतं ना टेबलं काढायचं. पप्पू धावत आला. "काका, मी चार करतो."

नाथाजी त्याला म्हणाला, "तू फकस्त बर्फाचं पाणी आन." मग त्यानं पाचांपुढं पाच ग्लास मांडले. प्रत्येकात बोटभर हिरवी मापून घातली. पाच चमचे, पाच बत्तासे, पाच जग. आणि हात मागं बांधून उभा राहिला.

"आता तुमचं तुमी करायचं," तो म्हणाला. "जगाची चोच बत्ताशाच्या वर. थेंब तुटक पडला पायजे. धार लागली की बत्तासा सांगंल."

सुभेदारांनी जग उचलला आणि तिरका केला. धार लागली. बत्तासा कोसळून चमच्याला चिकटला.

यशराज म्हणाला, "तात्या, पाट सोडलासा."

हॉलमध्ये हशा पिकला. पण हा हशा यशराजला नव्हता. तो सुभेदारांना होता, आणि सुभेदारांनाही तो लागला नाही. नाथाजीनं निमूटपणे त्यांचा चमचा पुसला आणि दुसरा बत्तासा ठेवला. "परत घ्या. सावकाश."

मग ती पाच माणसं वाकून बसली. जाड मनगटांची, बंदुका आणि नांगर धरलेली. श्वास रोखून थेंब सोडत होती. हॉल शांत झाला. शेजारच्या टेबलावरचे लोक उठून मागं उभे राहिले. कुणी कुजबुजला, "झाली बघ, झाली." यशराजच्या ग्लासात पहिला दुधाचा धागा उतरला होता. त्याचा हात सगळ्यात स्थिर होता. ढग वर चढत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला. पप्पूनं रंगीत दिवे बंद केले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीतल्या उजेडात पाच ग्लास दुधाळ हिरवे दिसत होते.

यशराज प्याला. लहान घोट. थांबला. परत एक घोट. लोक त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"दवना," तो म्हणाला. "आन बडीशेप. काका, ही चांगली हाय."

वीरधवल गल्ला सोडून पुढं आला. अर्धा शब्द पुरा झाला होता.

ग्लास संपायला बराच वेळ लागला. पाचही जण बोलत होते, उसाचं, पाण्याचं, पलटणीचं. आवाज कुणाचा चढला नाही. मग सुभेदारांनी रिकामा ग्लास पुढं केला. "नाथाजी, आनखी एक लाव."

"न्हाई," नाथाजी म्हणाला. "हिचा एकच."

"आरं, मला काय झालंय?"

"काय झालं न्हाई म्हनूनच."

वीरधवल नाथाजीच्या कानाशी आला, पण आम्हाला ऐकू आलं. "काका, द्या की. सुभेदार मागत्यात. सगळं गाव बघतंय."

मी नाथाजीकडं बघितलं. टेबलं हाताशी आलेली. यशराज अजून उठून चालायचा होता, सुभेदार दुखावले की पुतण्या काय करील सांगता येत नव्हतं. मालक स्वतः म्हणतोय, दे. दुसरा कुणी असता तर ओतली असती. मी ओतली असती.

नाथाजी म्हणाला, "मालक, बाटली तुमची. टेबल आजच्या दिस माजं हाय. ह्या टेबलावर दुसरी येनार न्हाई. द्यायची तर माज्या माघारी द्या, मी गेटवर जातो."

सुभेदारांनी नाथाजीला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आपल्या दोस्तांकडं वळून म्हणाले, "आपल्या मेसचा त्यो हवालदार आठवतोय का रं? कर्नलला बी न्हाई म्हनायचा."

"त्याच्या मेसात कवा राडा झाला न्हाई," एक दोस्त म्हणाला.

"न्हाईच झाला." सुभेदारांनी ग्लास पालथा घातला. "जेवायचं काय हाय आज?"

यशराज उठला. म्हणाला, "मी जेवून आलोय, काकांची अट हुती." खुर्ची मागं सारली आणि टेबलांमधून सरळ दाराकडं गेला. लोक बाजूला झाले. पायऱ्या उतरला, अंगण ओलांडलं, मोबाईल धरलेल्या पोरांपुढून गेटपर्यंत गेला. पोरं वाट बघत होती, पण बघण्यासारखं काही घडलं नाही. एकानं मोबाईल खिशात घातला. यशराज गेटपाशी थबकला आणि तसाच सरळ परत आला. मी उठून उभा राहिलो, म्हटलं काय झालं.

"बिल द्यायचं राहिलं," तो म्हणाला.

सगळा हॉल हसला आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. यशराजनं नाथाजीचा हात धरून वर केला, कुस्तीत पंच करतो तसा. नाथाजी दुसऱ्या हातानं टेबलावरचा जग सावरत होता.

वीरधवल आला. त्याच्या तोंडावर लाज होती का आनंद, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. म्हणाला, "काका, मी शब्द दिला हुता. उद्यापासनं आत या. चारी टेबलं."

"उद्यापासनं का?" नाथाजी म्हणाला. "गर्दी आज हाय."

पप्पूनं आपल्या खांद्यावरचा नॅपकिन काढून त्याच्या हातात दिला. नाथाजीनं तो नीट घडी करून खांद्यावर टाकला. खिडकीकडच्या कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी हात वर केला होता. नाथाजी तिकडं निघाला, गुडघा सांभाळत, सावकाश. त्या टेबलावरचे लोक थांबले होते. कुणालाही घाई नव्हती.